जुन्या घराची फरशी उचकटण्याआधी: ॲस्बेस्टॉसच्या टाइल ओळखणं आणि सांभाळून हाताळणं

जुन्या घराचं काम काढलं की पहिला घाव बहुतेक वेळा फरशीवर पडतो. गालिचा गुंडाळला किंवा वरचा लॅमिनेटचा थर उचलला की खालून पातळ, चौकोनी, मळकट रंगाच्या टाइल डोकावतात. त्यांवर संगमरवरासारख्या रेघा असतात, एक-दोन कोपरे उडालेले असतात आणि उडालेल्या जागी काळा, डांबरट गोंद दिसतो. मिस्त्री एक नजर टाकून म्हणतो, "खरवडून टाकू, दोन दिवसांचं काम आहे." काम तिथेच थांबवा. अशा टाइलमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता चांगलीच असते, आणि इतकी वर्षं गप्प पडून असलेली ती टाइल पटाशी लागली की गप्प राहत नाही.

घरात ॲस्बेस्टॉस सापडलं म्हणून लगेच घर सोडायची गरज नसते. त्याची धूळ होतेय का, एवढं आधी बघायचं. ओळखायचं, तपासायचं, झाकायचं की काढायचं, पुढचे सगळे निर्णय या एकाच प्रश्नावर ठरतात.

धोका कशात आहे

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारं तंतुमय खनिज. त्याचे सहा प्रकार मानतात. बांधकामात त्यांतले तीन जास्त वापरले गेले: पांढरं क्रायसोटाइल, तपकिरी ॲमोसाइट आणि निळं क्रोसिडोलाइट. फरशीच्या टाइलमध्ये जवळजवळ नेहमी क्रायसोटाइल असतं. ते जळत नाही, लवकर झिजत नाही, टाइलला बळकटी देतं आणि त्या काळी स्वस्त मिळायचं. म्हणून कारखान्यांनी ते हात सैल सोडून वापरलं. फरशीच्या टाइलमध्ये वजनाच्या १० ते २५ टक्के ॲस्बेस्टॉस असणं ही तेव्हा सर्वसाधारण गोष्ट होती.

याचा चुरा झाला की तंतू उभे चिरत जातात आणि माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक होतात. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, नाकात झोंबत नाहीत, शिंकही येत नाही. हवेत मात्र तासन्‌तास तरंगत राहतात. श्वासाबरोबर खोल गेलेले सगळे तंतू शरीराला बाहेर टाकता येत नाहीत. त्यातून फुप्फुसं कडक होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग असे आजार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. आजार दिसायला १० ते ५० वर्षं लागू शकतात. "आम्ही कितीतरी घरं अशीच फोडली, काही झालं नाही" या अनुभवाला म्हणूनच काही अर्थ नसतो.

आता टाइलची बाजूही ऐकून घेऊ. टाइलमध्ये हे तंतू डांबरात किंवा व्हिनाइल या प्लास्टिकमध्ये घट्ट अडकलेले असतात. त्यावर चालल्यानं, ओल्या फडक्यानं पुसल्यानं, खुर्ची हलवल्यानं ते उडत नाहीत. घासणं, ग्राइंडर फिरवणं, ड्रिल मारणं, कोरडं खरवडणं, हातोड्यानं फोडणं, यांनी उडतात. हाताच्या दाबानं भुगा होईल असं साहित्य, उदाहरणार्थ पाइपांवरचं जुनं लिंपण, यापेक्षा कितीतरी जास्त घातक असतं. फरशीची टाइल त्यामानानं समजूतदार, तिच्याशी आपण धसमुसळेपणा केला नाही तर.

पहिली पायरी: वय काढा

डांबरी टाइल साधारण १९२० च्या दशकापासून घरांत आल्या. व्हिनाइल-ॲस्बेस्टॉस टाइल १९५० च्या दशकापासून पसरल्या आणि १९८० च्या दशकापर्यंत सर्रास बसत होत्या. त्यामुळे घर कधी बांधलं यापेक्षा ती फरशी कधी बसवली हे शोधा. १९३० च्या घरात १९९५ साली नवी फरशी पडलेली असू शकते, आणि १९९५ च्या त्या फरशीखाली १९६० ची जुनी तशीच असू शकते. फरशीवर फरशी घालायची सवय सगळीकडे आहे, म्हणून फक्त वरचा थर पाहून निकाल देऊ नका. दाराच्या चौकटीखाली, कपाटाच्या आत, जिन्याखालच्या अडगळीत, जिथे नव्या फरशीचा हात पोचलेला नसतो, तिथे डोकावा. जुनी बिलं, नकाशे, दुरुस्तीच्या नोंदी मिळाल्या तर उत्तम. माळ्यावर किंवा तळघरात उरलेल्या टाइलचं खोकं सापडलं तर त्याहून चांगलं, कारण त्यावर उत्पादनाचं नाव आणि कधीकधी घटकही छापलेले असतात. मात्र ते खोकं झटकून साफ करायला जाऊ नका.

बंदीची तारीख पाहून निश्चिंत होण्यातही धोका आहे. आइसलँडनं १९८३ मध्ये बंदी आणली, ब्रिटननं निळ्या आणि तपकिरी प्रकारावर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये. ऑस्ट्रेलियाची पूर्ण बंदी २००३ च्या शेवटी आली, युरोपीय संघाची २००५ मध्ये, कॅनडाची २०१८ मध्ये. अमेरिकेनं १९८९ मध्ये घातलेली बंदी १९९१ मध्ये न्यायालयात मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आणि क्रायसोटाइलवर बंदी घालणारा नियम थेट २०२४ मध्ये आला. काही देशांत ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे आजही कायदेशीरपणे बनतात. शिवाय बंदी आली की गोदामातला साठा त्याच दिवशी संपत नाही. तारखेवरून शंका घ्यावी, खात्री करून घेऊ नये.

दुसरी पायरी: डोळ्यांनी पाहा, पण डोळ्यांवर विसंबू नका

मोजपट्टी घ्या. ९ इंच बाय ९ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटरची टाइल ही सगळ्यांत बोलकी खूण. या मापाच्या जुन्या टाइल दिसल्या तर चाचणी होईपर्यंत त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. १२ इंची टाइलही पुष्कळ होत्या, पण ते माप आजही चालतं, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. जाडी बहुधा २ ते ३ मिलिमीटर असते.

रंगाचंही एक गणित आहे. डांबर मुळात काळं, त्यामुळे डांबरी टाइल गडद रंगांत असायच्या: काळ्या, चॉकलेटी, गर्द हिरव्या, विटकरी. व्हिनाइल आल्यावर फिके रंग शक्य झाले. जुन्या डांबरी टाइलवर कधीकधी तेल सांडल्यासारखे डाग दिसतात, कारण वर्षानुवर्षांत आतलं डांबर वर झिरपतं. अशा टाइल वाकत नाहीत, कटकन मोडतात. पण मोडून बघायचा मोह आवरा.

आणि मग तो काळा गोंद. फरशी बसवताना वापरलेल्या डांबरी गोंदातही अनेकदा ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असे. टाइल निर्दोष आणि गोंद दोषी, असं सर्रास घडतं. वरच्या टाइल बदलल्या गेल्या आणि जुना गोंद खाली तसाच राहिला, हेही नेहमीचंच. पिवळट गोंद दिसला म्हणून तो नक्की सुरक्षित, असंही नाही.

टाइलऐवजी गुंडाळीतून अंथरलेलं जुनं शीट व्हिनाइल असेल तर जास्त सावध व्हा. त्याचा वरचा थर साधा असतो, पण पाठीला करडा, पुठ्ठ्यासारखा मऊ थर असू शकतो. त्यात क्रायसोटाइलचं प्रमाण खूप असतं आणि ते जवळजवळ मोकळंच असतं. शीट ओढून काढलं की हा थर मधोमध फाटतो, अर्धा शीटला, अर्धा जमिनीला. ते फाटणं म्हणजेच धूळ. शीट व्हिनाइल स्वतः काढण्याचा विचारही करू नका. माझं मत याबाबत ठाम आहे.

छताच्या टाइलचा प्रश्न आणखी वेगळा. लटकत्या छतातल्या चौकोनी पाट्या खनिज लोकरीच्या, जिप्समच्या किंवा ॲस्बेस्टॉसच्या उष्णतारोधक बोर्डाच्या असू शकतात, आणि रंग मारल्यावर त्यांतला फरक कोणालाही बघून सांगता येत नाही. छिद्रांची नक्षी, स्क्रू, कडा, यांवरून पैज लावणारे पुष्कळ भेटतात. उष्णतारोधक बोर्डात बहुधा ॲमोसाइट असतं, तो फरशीच्या टाइलपेक्षा सहज चुरतो, आणि पाटी वर ढकलली की तिच्या पाठीवर साचलेली धूळ थेट तोंडावर येते. तारा ओढायला किंवा गळती बघायला कोणी वर हात घालण्याआधी चाचणी करा.

भीतीला थोडा लगामही हवा. भट्टीत भाजलेली सिरॅमिक टाइल, नैसर्गिक दगड, मातीची कौलं यांत ॲस्बेस्टॉस घालत नसत. त्यांच्याखालचा गोंद किंवा पाठीमागचा बोर्ड मात्र संशयित असू शकतो.

तिसरी पायरी: प्रयोगशाळा

खात्रीचं उत्तर फक्त चाचणीतून मिळतं. परवानाधारक सर्वेक्षक बोलावून नमुने त्याच्याकडूनच घेणं सगळ्यांत बरं. छत, शीट व्हिनाइल किंवा भुसभुशीत काहीही असेल तर दुसरा पर्याय नाहीच. फरशीच्या टाइलचा नमुना घरमालकानं स्वतः घ्यायला तुमच्याकडच्या कायद्याची हरकत नसेल, तर तो असा घ्यावा.

खोलीतले पंखे, एसी बंद करा. इतरांना आणि पाळीव प्राण्यांना बाहेर ठेवा. एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा (अतिसूक्ष्म धूळ अडवणारा) मास्क आणि टाकून देता येतील असे हातमोजे घाला. आधीच सैल झालेली किंवा कपाटाखालची, न दिसणारी टाइल निवडा. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घाला. साबणामुळे पाणी थेंब होऊन वर न राहता फटीत शिरतं. जागा चांगली भिजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा भिजवा. मग पुट्टीची पातळ पट्टी सांध्यातून सरकवून नखाएवढा नव्हे, साधारण एक इंचाचा तुकडा सोडवा, आणि त्याच्या पाठीला गोंद चिकटून येईल असं बघा. तो झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. वर खोली, जागा, तारीख लिहा. पट्टी आणि जमीन ओल्या कागदानं पुसून तो कागदही पिशवीबंद करा. उघड्या पडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावा.

प्रत्येक रंगाचा, प्रत्येक नक्षीचा, प्रत्येक थराचा वेगळा नमुना लागतो. स्वयंपाकघराची टाइल निर्दोष निघाली म्हणून बोळातली निर्दोष ठरत नाही. टाइल आणि गोंद यांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे द्या, असं प्रयोगशाळेला लेखी सांगा.

आता एक बारकावा, जो बहुतेकांना ठाऊक नसतो. नेहमीची चाचणी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. पण टाइल बनवताना क्रायसोटाइल इतकं बारीक दळलेलं असतं आणि व्हिनाइलमध्ये इतकं माखलेलं असतं की साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून ते निसटू शकतं. अहवालात "ॲस्बेस्टॉस आढळलं" असं असेल तर विषय संपला. टाइलच्या बाबतीत "आढळलं नाही" असं आलं आणि तुम्ही ती फोडणार असाल, तर त्याच नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फेरतपासणी मागा. थोडे जास्त पैसे जातात, पण खोट्या दिलाशावर घर धुळीनं भरण्यापेक्षा ते परवडतं.

अहवालातल्या टक्केवारीकडे कायद्याच्या नजरेनं पाहावं लागतं. अमेरिकेत १ टक्क्याहून जास्त ॲस्बेस्टॉस असलेलं साहित्य नियमांच्या कक्षेत येतं. इतर देशांच्या मर्यादा वेगळ्या, बऱ्याचदा जास्त कडक असतात.

चौथी पायरी: ठेवायचं, झाकायचं की काढायचं

ॲस्बेस्टॉस निघालं, आता काय? टाइल अखंड असतील, जागेवर घट्ट असतील आणि दिसायला चालत असतील तर काहीच करू नका. आळशीपणाचा वाटणारा हा सल्ला खरं तर सगळ्यांत सुरक्षित आहे. एक-दोन टाइल चिरल्या असतील तर ती जागा तात्पुरती चिकटपट्टीनं बंद करा, मग फरशीच्या सीलरनं. दिसायला नको असेल किंवा झीज सुरू झाली असेल तर झाका. काढण्याचा विचार तेव्हाच करा, जेव्हा फरशी मोठ्या प्रमाणावर तुटलीय, खालची जमीन ओलीनं खराब झालीय, किंवा त्याच जागी पाइप, तारा, भिंत असं काम होणारच आहे.

तशाच ठेवलेल्या फरशीसोबत राहायचे नियम सोपे आहेत. फर्निचरच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावा आणि जड वस्तू ओढू नका, उचला. पुसताना ओलं फडकं वापरा. जुनं मेण काढायचं असेल तर फरशी ओली ठेवून, मऊ पॅडनं, सावकाश काढा. यंत्र वापरायचं तर मिनिटाला ३०० फेऱ्यांपेक्षा कमी वेगाचंच, आणि कोरड्या फरशीवर कधीही नाही. वर मेणाचा किंवा सीलरचा थर कायम ठेवा, म्हणजे झिजेल ते मेण झिजेल, टाइल नाही. गालिच्यासाठी कडेनं खिळ्यांच्या पट्ट्या ठोकू नका. दाराचा स्टॉपर बसवायलाही भोक पाडू नका.

आणि हे सगळं फक्त तुम्हाला माहीत असून भागत नाही. कोणत्या खोलीत, कोणत्या थरात, अहवाल कधीचा, हे एका कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा आणि त्याची प्रत वीजमीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन आला की हत्यार काढण्याआधी त्याला ती दाखवा. या धुळीनं सगळ्यांत जास्त भोगलंय ते रोज ड्रिल चालवणाऱ्या कामगारांनी.

झाकायचं असेल तर

चिकटवावी न लागणारी, एकमेकांत अडकून बसणारी तरंगती फरशी हा सगळ्यांत सोयीचा मार्ग. खाली फोमचा थर, वर पट्ट्या, आणि जुन्या टाइलला एकही खिळा नाही. आधी तीन गोष्टी बघा. टाइल पोकळ वाजतात का किंवा पायाखाली हलतात का: चार-दोन सैल असतील तर चिकटवून घ्या, निम्म्या सैल असतील तर झाकून उपयोग नाही. जमिनीतून ओल येते का: येत असेल तर वर प्लास्टिक अंथरून ती कोंडली जाईल आणि गोंद सुटेल. आणि दारं: फरशी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर आली की दारं घासायला लागतात, तेव्हा दार काढून खालून तासायचं, फरशीशी खेळायचं नाही.

जमीन उंचसखल असेल तर आपोआप सपाट होणारं मिश्रण ओततात. ते पकडावं म्हणून कामगार आधी फरशी घासून खरबरीत करायला बघतात. नेमकं तेच इथे चालत नाही. गुळगुळीत टाइलवर घासल्याशिवाय चिकटणारा प्रायमर मिळतो, तो मागा. फक्त काळा गोंद उरला असेल तर तोही यंत्रानं घासू नका, त्यावर असाच थर देऊन तो कायमचा बंद करता येतो.

काढायचं असेल तर

आधी स्थानिक नियम. काही ठिकाणी घरमालकाला स्वतःच्या घरातल्या फरशीच्या टाइल काढता येतात, काही ठिकाणी परवान्याशिवाय हात लावता येत नाही, आणि कचरा कुठे द्यायचा याचे नियम जवळजवळ सगळीकडे स्वतंत्र असतात. हे न विचारता काम सुरू केलं तर अर्ध्यावर पिशव्या घेऊन उभं राहायची वेळ येते.

पूर्ण खोलीचं काम असेल तर परवानाधारकालाच द्या. ठेकेदार निवडताना त्याच्याकडून कामाची पद्धत लेखी मागा: खोली प्लास्टिकनं कशी बंद करणार, आतली हवा हेपा गाळणीतून (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या फिल्टरमधून) बाहेर ओढून दाब कमी ठेवणार का, टाइल ओल्या करून काढणार की इन्फ्रारेड उष्णता देऊन, कचरा कुठे जाणार आणि त्याची पावती मिळणार का. काम संपल्यावर हवेची तपासणी त्याच्याशी आर्थिक संबंध नसलेल्या दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. ज्यानं धूळ केली त्यानंच "आता धूळ नाही" असं प्रमाणपत्र द्यायचं, यात काही राम नाही. "काही होत नाही हो, पाणी मारलं की झालं" असं म्हणणाऱ्याला चहापाणी देऊन निरोप द्या.

कायदा परवानगी देत असेल, टाइल मोजक्याच असतील आणि सहज सुटत असतील, तरच स्वतः करण्याचा विचार करा. क्रम असा:

१. खोली रिकामी करा. जे हलत नाही ते ०.१५ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकनं झाका. हवा खेळवणारी यंत्रणा बंद, तिची तोंडं आणि दाराच्या फटी चिकटपट्टीनं बंद.

२. एफएफपी३ किंवा पी१०० मास्क, टोपीसकट टाकाऊ अंगरखा, हातमोजे आणि धुता येतील असे बिननाडीचे रबरी बूट घाला. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे कुचकामी. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. ती काढा किंवा काम दुसऱ्याला द्या.

३. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा आणि काम संपेपर्यंत जागा ओलसर ठेवा. तळी साचतील इतकं पाणी नको. खोलीतला वीजपुरवठा मुख्य कळीवरून बंद ठेवा.

४. सैल कडेपासून सुरुवात करा. पुट्टीची रुंद, पातळ पट्टी जवळजवळ आडवी धरून टाइलखाली सरकवा आणि हळूहळू दाबत पुढे न्या, मधूनमधून फटीत फवारा मारा. टाइल अख्खी सुटली पाहिजे. सुटताना गोंदाचा चिवट, चरचर आवाज येतो. तडकल्याचा आवाज आला तर घाई होतेय.

५. निघालेली टाइल मोडू नका, फेकू नका. ओल्या टाइल एकावर एक रचून जाड पिशवीत भरा. पिशवी अर्धीच भरा, नाहीतर कडा पिशवी फाडतात. तोंड पिळून चिकटपट्टीनं बांधा, मग दुसरी पिशवी, आणि वर ॲस्बेस्टॉस असल्याची चिठ्ठी.

६. उरलेला गोंद खरवडत बसू नका, तसाच झाका. गोंद विरघळवायला मिळणाऱ्या द्रावकांच्या वाफा बंद खोलीत त्रास देतात, काहींना आगीचा धोका असतो, आणि त्यांचा तेलकट अंश राहिला तर नवा गोंद धरत नाही.

७. जमीन ओल्या कागदी फडक्यांनी पुसा. प्रत्येक घडी एकदाच वापरायची, मग पिशवीत. झाडू नाही. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही, कारण तो तंतू मागच्या बाजूनं हवेत सोडतो. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी हेपा गाळणी असलेलं, याच कामासाठी बनवलेलं यंत्र भाड्यानं मिळालं तर वापरा.

८. मास्क सोडून बाकी सगळं खोलीतच उतरवा. अंगरखा आधी ओलसर करा, मग आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढा. बूट पुसा. मास्क सगळ्यांत शेवटी. हे सगळं पिशवीत घालून लगेच अंघोळ करा, डोक्यावरून. आतले कपडे घरच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, त्याच पिशवीत भरा.

तीन-चार टाइल काढूनही पट्टी सरकत नसेल, प्रत्येक टाइलचे तुकडे होत असतील, तर ती फरशी तुमच्या हातची नाही. ओली करा, प्लास्टिकनं झाका, दार बंद करा आणि व्यावसायिकाला बोलवा. हेअर ड्रायर किंवा हीट गन आणून ओल्या जमिनीवर विजेचा खेळ करू नका.

पिशव्या नेहमीच्या कचऱ्यात, बांधकामाच्या राडारोड्यात किंवा मोकळ्या मैदानात टाकायच्या नाहीत. ॲस्बेस्टॉस आगीत नष्ट होत नाही, त्यामुळे जाळण्याचा प्रश्नच नाही. स्थानिक प्रशासनानं नेमलेल्या ठिकाणीच त्या द्यायच्या आणि पावती अहवालासोबत जपून ठेवायची.

आधीच फोडून झालं असेल तर

पुष्कळ लोक या विषयाकडे वळतात ते काम होऊन गेल्यावर. अजून धूळ खोलीत असेल तर हात थांबवा, पंखे बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, दार लावून फटी बंद करा. झाडलोट करू नका. अंगावरचे कपडे ओलसर करून पिशवीत घाला आणि अंघोळ करा. साचलेला कचरा दिसत असेल तर त्यावर हलका फवारा मारून प्लास्टिक टाका आणि साफसफाईसाठी परवानाधारक बोलवा. हवेची चाचणी झाल्यावरच खोली वापरायला घ्या. नमुना अजून तपासला नसेल तर आधी तो पाठवा. कधीकधी अहवाल निर्दोष येतो आणि रात्रीची झोप परत मिळते.

शरीराचं काय, हा खरा प्रश्न. ॲस्बेस्टॉसचे आजार बहुतांशी वर्षानुवर्षं धूळ घेतलेल्या लोकांत दिसतात. किती धूळ आणि किती काळ, यावर धोका वाढतो. एका दुपारच्या खरवडण्यानं धोका शून्य राहत नाही, पण तो लहान असतो. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून काही कळत नाही, कारण इतक्या लवकर दिसण्यासारखं काही घडलेलंच नसतं. डॉक्टरांना सांगून तारीख, किती वेळ काम केलं, मास्क होता का, अहवालात काय आलं, एवढं वैद्यकीय नोंदीत लिहून घ्या. धूम्रपान करत असाल तर सोडा: ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो, आणि या दोनांतली एक गोष्ट अजून तुमच्या हातात आहे.